रुईखालचा पांढरा दगड

माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण रान मला कुणी शिकवायचं काम न्हाई. तरी येळवशीच्या सणाला नांदेडहून आलेल्या नातीनं आदल्या संध्याकाळी मला बांधावर वाकायला लावलं. रुईच्या पानाखाली बोटाच्या पेराएवढा कोष लोंबत होता, सोन्याच्या टिकल्या लावल्यासारखा.

"असला बघितला होता का, आजोबा?"

"लई बघितलेत," मी म्हणालो. बघितला नव्हता.

तिच्या आईनं, म्हणजे माझ्या लेकीनं, मोबाइलची बॅटरी मारली. कोष काळपट झाला होता, आतले पंख दिसून राहिले होते. सकाळी फुलपाखरू निघणार, म्हणाली. नातीला ते निघतानाचा फोटो पाहिजे होता. नांदेडला कुंडीतल्या कढीपत्त्यावर असाच एक कोष तिनं जपला, अन ती शाळेत गेली तेव्हाच फुलपाखरू उडून गेलं. रिकामं टरफल बघून पोरगी त्या दिवशी जेवली न्हाई.

मला घोर लागला. मार्गशीर्षातल्या ह्या अमावस्येला सगळं गाव एकमेकाच्या रानात भज्जी-अंबील खायला फिरतं, अन माझ्या रानाची वाट त्याच बांधावरून. कुणाचं लुगडं घासलं की संपलं. सकाळी कडब्याच्या कोपीत मांडायच्या पांडवांना, म्हणजे पाच दगडांना, चुना लावला. उरलेल्या चुन्यानं एक मोठा धोंडा रंगवला अन रुईच्या बुडाशी ठेवला. पांढरं दिसलं की माणूस वळसा घालून जाईल.

"बाबा, काठ्या रोवायच्या ना," लेक म्हणाली.

"तू गप, माय. जन्म गेला माझा ह्या रानात."

पहिली आली शेजारच्या रानातली वैनी, माझ्याच वयाची. वळसा घालायचं सोडून थांबली. रुईखाली चुन्याचा दगड म्हणजे मारुतीच की. तिनं हळद-कुंकू वाहिलं, अंबील शिंपडली, हात जोडले.

"कधी बसवला हो मारुती? सांगितलं बी न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत मागच्या दोघींनी उदबत्त्या खोवल्या. त्यांच्या मागं एक गडी नारळ सोलत उभा. कोष हलायला लागला होता. नात मोबाइल धरून पोटावर पडलेली, धुरानं खोकत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते.

खरं सांगावं तर पारावर वर्षभर हसतील. न सांगावं तर नारळ आपटणार. देवाला नारळ फोडणाऱ्याचा हात कसा धरायचा? मी उदबत्त्या उपटल्या अन त्या दगडावर बूड टेकून बसलो.

"अगं माय, देवावर बसला म्हातारा," वैनी म्हणाली.

"देव न्हाई, राखणीचा दगड हाय. फुलपाखरू निघून राहिलंय हितं. नारळ तिकडं कोपीत फोडा."

"मग कुंकू लावू दिलं कशाला?"

"लावायच्या आधी विचारलं का तुम्ही?"

लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती.

तेवढ्यात कोष उकलला. आधी पाय आले, मग पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं ओलं केशरी अंग. ते टरफलाला धरून लोंबत राहिलं अन पंख हळूहळू मोठे व्हायला लागले.

"आजोबा, हलू नका. तुमच्या सावलीत फोटो नीट येतोय."

मग काय हलतो. दगड टोचत होता, पाय बधिर झाले. वैनी गुडघे टेकून पानाखाली बघत होती. "वाळल्याबिगर उडत न्हाई का गं ते?"

"न्हाई आजी. हळू बोला."

भज्जी खायला कुणी हललं न्हाई. नारळवाला बी नारळ काखेत धरून उकिडवा बसला होता. फुलपाखरू उडून तुरीत गेलं तेव्हा कुठं लेकीनं अन त्या गड्यानं मला बखोटं धरून उठवलं.

फोटो लई देखणे आलेत. ते निघतानाच्या फोटोत कोपऱ्यात माझं कुंकवानं माखलेलं धोतर आलंय. नात म्हणाली, तेवढं कापून टाकते.

म्हणलं, खबरदार.