कोरड्या चकत्या

हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीचा गिअरबॉक्स मी मुद्दाम बिघडवला, हे मी बरेच महिने घरातही कोणाला सांगितले नाही. चूक झाली असे म्हणून सुटता आले असते. पण हात अगदी स्थिर ठेवून, मनापासून केलेले काम होते ते. ते करताना जो आनंद झाला, तसा प्रामाणिक कामाने मला क्वचितच दिला आहे.

मी साखर कारखान्यात फिटर आहे. गाळप संपले की वसमतला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडून नव्याने बांधतो. तरुणपणी आखातातल्या एका वर्कशॉपमध्ये हे शिकलो. शोरूमवाले सरळ नवा गिअरबॉक्स बसवायला सांगतात, म्हणून लोक हिंगोलीहूनही माझ्याकडे येतात. शांतपणे करण्याचे काम आहे. बोलावे फारसे लागत नाही, आणि मला ते मानवते.

तो व्यापारी आणि मी, दोघेही मूळचे हट्टा गावचे. एका उन्हाळ्यात भर दुपारी आईला अर्धांगाचा झटका आला, ओकाऱ्या थांबेनात. गावात तेव्हा चारचाकी एकच, त्याच्या दारात उभी. मी हात जोडले. तो पायरीवरूनच म्हणाला, "अरे, कालच नवे शीटकव्हर घातलेत. उलटी-बिलटी झाली तर वास जाणार हाय का? दुसरं काही बघ."

आईला मी तीनचाकी टेम्पोत, कांद्याच्या पोत्यांवर निजवून नांदेडला नेले. ती वाचली, पण तिचा उजवा हात पुन्हा उचलला नाही. ती जाईपर्यंत मी तिला घास भरवला आणि प्रत्येक घासाला त्या माणसाचे नाव मनात घेतले.

पुढे तो वसमतला आडत्या झाला. त्याने ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि गिअर घसरू लागला तसा माझ्या शेडवर आला. सोबत त्याचा ड्रायव्हर होता, जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीचा हसरा माणूस.

"फिटर, तू तर आपल्या गावचा निघाला की!" खुर्चीत बसत व्यापारी म्हणाला. "ह्या गाडीला डाव्या पायाचं कामच न्हाई. मंग डाव्या पायानं करावं काय? ड्रायव्हरला लाथा घालाव्या?"

"घाला की मालक," ड्रायव्हर म्हणाला. "पण लंगडा ड्रायव्हर घेऊन फिरावं लागंल."

व्यापारी खदखदून हसला. मग चहा पिता पिता त्याने विचारले, "आई बरी हाय ना तुझी?"

आईला जाऊन कितीतरी वर्षे झाली होती.

"बरी हाय," मी म्हणालो.

त्याला काहीच आठवत नव्हते. आठवले असते तर मी क्षमा केली असती, असे आज वाटते. पण हेही मी स्वतःला बरे ठरवण्यासाठी म्हणत असेन.

ह्या गिअरबॉक्समध्ये गिअर धरून ठेवणाऱ्या, कागदी अस्तराच्या गोल चकत्या एकावर एक बसवतात. नव्या चकत्या आधी तेलात भिजत ठेवायच्या, हा आमच्या कामातला पहिला धडा. कोरड्या बसवल्या तर गाडी चालू लागते, पण आतून जळत जाते. तेलाचा डबा शेजारीच होता. मी एकेक चकती पुसून कोरडीच बसवली.

गाडी झोकात गेली. त्यानंतर जेवताना, कारखान्यात पाना फिरवताना, मला त्या चकत्या काळ्या पडताना दिसत. मला घाई नव्हती. अखेर नरसीच्या रस्त्यावर, नवे व्याही गाडीत बसलेले असताना, इंजिन नुसते ओरडू लागले आणि गाडी जागची हलेना. ट्रॅक्टरला बांधून ती गावातून ओढत आणली. हे ऐकले त्या दिवशी मी दोनदा जेवण मागून घेतले.

गाडी पुन्हा माझ्याच शेडवर आली. जळक्या चकत्या टेबलावर मांडल्या तेव्हा व्यापारी गरजला, "काहून झालं हे?" आणि ड्रायव्हरकडे बोट करून उत्तरही त्यानेच दिले. "ह्यानंच केलं! उतार दिसला की न्यूटल करून सोडून देत असंल. डिझेल वाचवायची खोड ह्यांची!"

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, ही आमच्याकडच्या जीपवाल्यांची जुनीच सवय, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ती बाधतेही. त्यामुळे कोणालाही पटेल असा तो आरोप होता.

"न्हाई मालक, देवाशपथ न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

"तसं बी होतं," मी म्हणालो.

व्यापाऱ्याने तिथेच त्याच्या हातातून चावी काढून घेतली आणि बाजारभर त्याची बदनामी केली. मला आधी संताप आला तो ह्याचा, की झालेल्या फजितीचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडून तो मोकळा झाला, माझा सूडही त्याने हिसकावून घेतला. ड्रायव्हरची दया नंतर आली. हा क्रम लपवावासा वाटतो, म्हणूनच लिहितो आहे.

पुढच्या गाळपात तो ड्रायव्हर आमच्या कारखान्यावर ऊस उतरवताना दिसला. मी तोंड फिरवले, तरी तो आला.

"फिटरसाब, एक इचारू? माझा हात न्यूटलकडं गेल्याचं मला आठवतच न्हाई. पण तुमी म्हणले म्हंजे गेला असंल. शाळेची गाडी चालवायला बोलावून राहिले, मी न्हाई म्हणलो. लेकरं असतात हो आत. आता माझ्याच हाताचा मला भरवसा न्हाई."

मी त्याला मोटारसायकलवर बसवून आडतीवर नेले. हमाल हळदीची पोती रचत होते.

"काय फिटर, ह्याची शिफारस करायला आला का?" व्यापाऱ्याने विचारले.

मी त्याला चकत्यांचे सांगितले, मग आईचे. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"मला तर याद बी न्हाई," तो म्हणाला.

"मला हाय, मालक."

"मंग माफी माग माझी. समद्यांसमोर माग."

हमाल थांबले होते. त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही, आजही मागणार नाही. मी वळलो. ड्रायव्हर दाराशी, चपलांपाशी उभा होता.

"न्यूटल तुमी कधीच केलं न्हाई," मी मोठ्याने म्हणालो. "तुमचा हात बराबर होता. गाडी मी जाळली, अन् तुमच्या तोंडावर खोटं बोललो. माझं चुकलं, भाऊ. मला माफ करा."