अठरा किलोमीटरचं तेल

गाडीचं इंजिन ऑइल नेमकं किती दिवसांनी बदलावं, या प्रश्नावर गाड्या बनवणारे, दुरुस्त करणारे आणि चालवणारे यांच्यात आजवर एकमत झालेलं नाही. या प्रश्नाचं अंतिम उत्तर जाणणारा एकच मनुष्य माझ्या माहितीत आहे. तो श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून नऊ किलोमीटरवरच्या एका गावात राहतो आणि माझ्या आत्याचा नवरा आहे. उत्तर अंतिम असलं तरी ते प्रत्येकाला वेगळं मिळतं, आणि त्याच माणसाने महिन्याभराने पुन्हा विचारलं तर पुन्हा वेगळं मिळतं. अंतिम उत्तरांचं असंच असतं, असं मामांचं म्हणणं आहे. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात.

मामांच्या घरी आधी पाहुण्याच्या गाडीचं स्वागत होतं, मग पाहुण्याचं. मी मोटारसायकल लावून हेल्मेट काढेपर्यंत मामांनी खाली वाकून ऑइलचं झाकण फिरवलेलं असतं. झाकणाला जोडलेली तेल मोजायची पट्टी ते उजेडात धरतात, तिच्यावरचं तेल चिमटीत चोळतात, नाकाशी नेतात, आणि मग विचारतात, "बरं हाय का?" एकदा मी चुकून म्हणालो, "मी बरा आहे, मामा." ते म्हणाले, "तुला कोन इचारतंय?"

या माणसाची उभी हयात एका साखर कारखान्यात टर्बाइनच्या तेलावर नजर ठेवण्यात गेली. बेअरिंगला तेल कमी पडलं तर अख्ख्या तालुक्याचा ऊस फडात वाळेल, या विचाराने त्यांनी कित्येक गळीत हंगाम काढले. ऊस वाळला नाही. मामा निवृत्त झाले तेव्हा टर्बाइन कारखान्यातच राहिलं, नजर मात्र घरी आली आणि दारातल्या जुन्या डिझेल जीपवर स्थिरावली. तेव्हापासून त्या जीपचं ऑइल इतक्या वेळा बदललं गेलंय, की मामांनी काढून टाकलेलं जळकं ऑइल शेजारपाजारचे लोक नवं म्हणून घेऊन जातात. तेल सोडलं तर जीपमधल्या इतर कशाबद्दल मामांना आस्था नाही. डिझेलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावर उभा आहे. "त्यो शोभेचा हाय," मामा सांगतात.

मला या प्रकरणात खरोखरच कुतूहल वाटू लागलं, म्हणून मी चौकशी केली. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात एक आकडा होता. नगरच्या गॅरेजवाल्याने त्याच्या निम्मा सांगितला आणि वर विचारलं, "पुस्तक लिहिणारा कधी आपल्या रस्त्यानं आलाय का?" ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पाच वर्षांत एकदाही ऑइल बदललं नव्हतं आणि त्याची गाडी उत्तम चालत होती. हे त्याने मला एसटीच्या थांब्यावर उभं राहून सांगितलं. मी हे सगळं मामांपुढे ठेवलं. मामा म्हणाले, "किलोमीटर काय घिऊन बसलास? तेलालाच इचारायचं."

तेलाला विचारायची मामांची पद्धत अशी. इंजिन गरम असताना पट्टीवरचा एक थेंब जाड कागदावर टाकायचा आणि वाळू द्यायचा. मधे काळा ठिपका, भोवती फिकट कडं. ठिपका लहान आणि कडं रुंद, तर तेलात जीव आहे. ठिपक्याने कडं गिळलं, तर तेल संपलं. यात तथ्य आहे, हे मी नंतर दोन जाणकारांकडून पडताळून घेतलं. अडचण कागदाची होती. गावात जाड, गुळगुळीत आणि मुबलक असा एकच कागद येतो, तो म्हणजे लग्नपत्रिका. मामा पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर थेंब टाकतात, शेजारी बॉलपेनने तारीख आणि जीपच्या किलोमीटरचा आकडा लिहितात, आणि ती पत्रिका तारेत ओवतात. तालुक्यातल्या दोन पिढ्यांची लग्नं त्या तारेला लटकलेली आहेत.

एकदा कोपरगावच्या एका भाचीची पत्रिका आली. मामांनी ती उघडून वाचण्याआधी उलटी करून तिच्यावर थेंब टाकला. तेल पलीकडे उतरलं आणि बरोबर तारखेवर पसरलं. मामांनी कड्याच्या रुंदीवरून तारीख ताडली. आत्या नवी साडी नेसून, आहेर घेऊन जीपमधे बसली, आणि दोघं कोपरगावला पोचली तेव्हा मांडववाले सतरंज्या गुंडाळत होते. लग्न आदल्या दिवशी झालं होतं. मामांनी उरलेली बुंदी खाल्ली, आणि आलोच आहोत तर म्हणून वधुपित्याच्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलून दिलं. परतताना नगर येईपर्यंत आत्या नव्या साडीवरची धूळ झटकत राहिली. नगर सोडल्यावर म्हणाली, "माझ्या वर्षश्राद्धाची पत्रिका तेवढी कोरडी ठिवा. मानसं येळेवर येतील."

आत्याची जीभ अशीच होती. "माझ्या केसाला तेल हाय का न्हाई ते जल्मात बघितलं न्हाई," ती मला ऐकवायची, "अन् त्या जीपच्या पोटात उठल्या-बसल्या बोट!" पण त्याच जीपमधून ती माहेरी जायची, बाजारला जायची, कुठल्याही लग्नाला सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर बसलेली असायची.

आत्या जाऊन आता तीन वर्षं झाली. माझा आतेभाऊ पुण्यात असतो. त्याने वडिलांच्या वयाची आणि डोळ्यांची काळजी करून फर्मान काढलं, की गाडी कामाशिवाय बाहेर काढायची नाही. पुढे त्याला वाटलं, काम तरी कसलं उरलंय, म्हणून त्याने जीप विकायचं ठरवलं. पारनेरकडचा एक दूधवाला कॅन वाहायला गाडी शोधत होता. तो आला. मामांनी त्याला घाबरवायला म्हणून ती पत्रिकांची तार पुढे टाकली: बघ बाबा, किती करावं लागतं. परिणाम उलटा झाला. दूधवाला एकेक पत्रिका उलटत गेला आणि म्हणाला, "मामा, एवढी निगा मी म्हशीची बी ठिवली न्हाई. गाडी माझी!"

मामांचा चेहरा पडला. पण मामा म्हणजे तेलातला माणूस. "तेल बदलायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "जुन्या तेलावर गाडी दिली तर मला पाप लागंल. पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात दूधवाला आला, तेव्हाही तेल बदलायचं राहिलेलं होतं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. शेवटी आतेभावाचा मला फोन आला. "तू जा आणि त्यांना समजाव. तुझं ऐकतात."

माझं कोणी ऐकत नाही, पण मी गेलो. मोटारसायकलची तपासणी होईपर्यंत मी ओट्यावर बसून पत्रिका चाळल्या. जुन्या पत्रिकांवर दोन आकड्यांमधे कधी अडीच हजार किलोमीटरचं अंतर होतं, कधी तीन हजारांचं. कोपरगाव, बाजार, लग्नं. मग एक पत्रिका अशी आली, जिच्या पाठीवर थेंब नव्हता, आकडा नव्हता, काहीच नव्हतं. मी ती उलटली. आत्याच्या वर्षश्राद्धाची होती. मी तारेवरून पुढे सरकलो. त्यानंतरच्या आकड्यांमधे अंतर होतं अठरा. पुढे अठरा. पुन्हा अठरा.

"मामा, दर महिन्याला तेल बदलताय, आणि गाडी चालते अठरा किलोमीटर?"

"व्हय."

"कुठे जाता?"

"काष्टीला. तेल आनायला."

"म्हणजे तेल बदलायचं म्हणून गाडी काढता, आणि गाडी काढली म्हणून..."

"पोरगं म्हनलं, कामाशिवाय काढू नका. ह्ये काम न्हाई का? मग तेल काय चालत आनू?"

त्या दिवशी काष्टीचा बाजार होता. मामांनी जीप काढली, मी पुढच्या सीटवर बसलो. ऑइलच्या दुकानाबाहेर एक बाकडं आहे. मामा त्यावर टेकले आणि दुकानदाराने न विचारता चहा सांगितला. मग तास-दोन तास माणसं येत राहिली. कोणाची मोटारसायकल, कोणाचा टेम्पो, कोणाचा ट्रॅक्टर. "मामा, मी कधी बदलू?" मामा पट्टी बघायचे, तेल चोळायचे, आणि एकाला म्हणायचे आजच, दुसऱ्याला दिवाळीनंतर, तिसऱ्याला "तू गाडीच बदल." एकाने विचारलं, "मामा, गेल्या महिन्यात आला न्हाई व्हय?" मामा म्हणाले, "आल्तो की. तूच नव्हतास. मी ध्यान ठिवून असतो." बाकड्यावरून उठताना त्यांनी पुढच्या महिन्यातल्या बाजाराचे दोघांना वायदे दिले.

परतताना दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मामा खुशीत होते. अचानक जीप दोनदा खोकली आणि उभी राहिली. मामांनी बॉनेट उघडून आधी पट्टी काढली. "तेल बराबर हाय," ते म्हणाले. मी टाकीचं झाकण काढून जीप हलवून पाहिली. आतून काहीही आवाज आला नाही.

"डिझेल संपलंय, मामा."

"ते आपलं खातं न्हाई," मामा म्हणाले.

तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. "काय ठरलं?" मामा उसाकडे बघत होते, पण कान इकडे होता.

"तेल बदलायचं राहिलंय," मी म्हणालो. "ते झाल्याशिवाय कसं विकणार?"

"अरे, पण ते किती दिवसांनी बदलायचं असतं?"

"त्यावर एकमत नाही," मी म्हणालो.

मामांनी जीपला कुलूप लावलं आणि सीटखालचा ऑइलचा डबा माझ्या हातात दिला. घर अजून दोन किलोमीटर होतं. तेल आम्ही चालत आणलं.