शंभराव्या पायरीवरचा पोस्टमन

पोस्टमनकाकांचे दोन गुडघे कधीच एका मताचे नव्हते. डावा सकाळी कुरकुरायचा, उजवा दुपारी. पायऱ्यांच्या बाबतीत मात्र दोघांची भक्कम युती होती. पायऱ्या दोनशे चौदा. टेकडीच्या पायथ्याशी पोस्ट, माथ्यावर पाण्याची टाकी आणि मधे ही पायऱ्यांची गल्ली, दोन्ही बाजूंना घरं खुंटीला अडकवल्यासारखी. तेवीस वर्षं काका खांद्यावर पिशवी टाकून ती चढत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि आयुष्याकडे त्यांचं एकच मागणं होतं, ते म्हणजे पोस्टाच्या मागच्या खोलीतली, टपाल वेगळं करायच्या टेबलापाशी असलेली हातांची खुर्ची. बदलीचा अर्ज त्यांनी तीनदा केला होता.

तिसरा अर्ज मंजूर व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात सिनेमा आडवा आला.

त्याच्या दोनेक वर्षं आधी, मुलांसाठी कार्टूनचे सिनेमे काढणारी सात-आठ चित्रकार मंडळी गल्लीत तीन आठवडे येऊन राहिली होती. त्यांना म्हणे खरीखुरी जागा हवी होती. त्यांनी पायऱ्या मोजल्या, कठड्याच्या गंजाचा रंग उतरवून घेतला, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटेसुद्धा वहीत काढले. त्यांच्यातली एक मुलगी तर नुसती काकांच्या मागे चालत त्यांची चाल काढायची. नेमका त्याच दिवसांत काकांना नवा बूट चावत होता. शंभराव्या पायरीवर ते बूट काढून टेकले आणि कुणाचं तरी मांजर शेजारी येऊन बसलं. काकांना मांजर आवडत नाही. पण उठून दुसरीकडे बसायचं त्राण नव्हतं.

सिनेमा आला. काका-काकू तो बघायला गेले. पडद्यावर गल्ली हुबेहूब होती, गंजासकट. पोस्टमन मात्र सुधारून घेतलेला. गोल पोट, गुलाबी गाल, चढताना शीळ. आणि रोज शंभराव्या पायरीवर बसून तो मांजराला पत्रं वाचून दाखवायचा.

"दुसऱ्याची पत्रं फोडतोय हा," काका अंधारात बायकोच्या कानाशी म्हणाले. "नोकरी जाईल याची."

"गप बसा हो. बघा तरी किती हसतमुख आहे. शिका काहीतरी."

मग लोक येऊ लागले. लांबलांबून आईबाप पोरं घेऊन यायचे आणि शंभराव्या पायरीवर दबा धरून बसायचे. मांजर आधीच पकडून ठेवलेलं असायचं. काका वर पोचले की ते त्यांच्या मांडीवर ठेवण्यात यायचं.

"साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?" काकांनी पोस्टमास्तरांना विचारलं.

"काका, तुम्ही आता नुसते पोस्टमन राहिला नाहीत. गावाची शान आहात."

"शानेला गुडघे आहेत, साहेब."

"थोडं हसत चला. शीळ येते का तुम्हाला?"

"चढताना श्वास येत नाही. शीळ कुठून आणू?"

घरी काकू गरम पाण्याच्या पिशवीने गुडघे शेकायच्या. "त्या सिनेमातल्याला बायको दाखवलेली नाही. म्हणून तो एवढा खुशीत, असंच मनात आहे ना तुमच्या?"

"मी काही बोललो का?"

"बोलायला कशाला हवं? तोंडावर छापलंय."

सुटका केली ती सहा वर्षांच्या एका मुलीने. सहा तास प्रवास करून ती आली होती, काखेत मांजर होतं. काका धापा टाकत पोचले. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं आणि मांजर परत खाली सोडून दिलं.

"हे ते नाहीत."

"अगं, हेच ते," वडील ओशाळून म्हणाले.

"नाहीत. ते जाड आहेत. हे दमलेले आहेत."

काका कठड्याला टेकले. तेवीस वर्षांत त्यांचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं, डॉक्टरांनीसुद्धा नाही.

तीच मुलगी तासाभराने आजीला पत्र टाकायला पोस्टात आली. टपाल देऊन काकाही तोवर खाली उतरले होते. खिडकीतून तिला मागची खोली दिसली. तिथे त्याच हातांच्या खुर्चीत टपाल वेगळं करणारे कारकून बसले होते. सगळे त्यांना लोडशेठ म्हणत, कारण ते गादीवरच्या लोडासारखे दिसत आणि तितकेच हलत. गोल पोट, गुलाबी गाल. पत्रं खणात भिरकावताना शीळ घालत होते.

"ते बघा," मुलगी म्हणाली. "ते आत आहेत."

पोस्टमास्तरांनी वळून लोडशेठकडे पाहिलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

आठवड्याभरात अदलाबदलीचे हुकूम निघाले: लोडशेठ पायऱ्यांवर, काका खुर्चीत. खुर्ची सोडताना लोडशेठ डोळे पुसत होते, आणि जाताना तिच्यावरची उशी तेवढी घेऊन गेले. काकांची तक्रार नव्हती. पहिला दिवसभर ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून नुसते बसून राहिले. गुडघे दोघेही गप्प.

पाच महिने गेले. लोडशेठची शीळ आता चाळिसाव्या पायरीलाच संपत होती. गाल बसले, पट्टा दोन भोकं आत गेला. शंभराव्या पायरीवर ते बूट काढून बसत आणि मुलं आईबापांकडे संशयाने बघत.

एका दुपारी काका टपाल लावत होते. खोलीत कुणीतरी शीळ घालत होतं. कोण म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. काचेपलीकडे पोस्टमास्तरांनी पेन खाली ठेवलं होतं आणि ते काकांकडे बघत होते. आधी गालांकडे, मग सावकाश पोटाकडे.

काकांनी शीळ तिथल्या तिथे खोकल्यात वळवली, पोट आत ओढलं आणि उजवा गुडघा मोठ्याने कण्हत चोळला. साहेबांनी पेन उचललं. पण लिहायला लागले नाहीत.

संध्याकाळी घरी येऊन काकांनी बूट कोपऱ्यात सरकवले.

"उद्यापासून डबा अर्धाच भर."

"का हो? पोट बिघडलं का?"

"नाही," काका थकून म्हणाले. "सुधारलंय."