शाळेतून पळालो, ते हसनाबादला पोचलो

मी परत आल्यावर एका पेपरवाल्याने माझी बातमी छापली आणि तीत मला युद्धकैदी म्हटलं. मी त्याला फिटर असं सांगितलं होतं. तो म्हणाला, फिटर लिहिलं तर बातमी आत जाते, पहिल्या पानावर येत नाही. बातमी शेवटी आतच आली.

आमचं घर हसनाबादचं, भोकरदन तालुक्यातलं. आयटीआय करून मी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये लागलो आणि सात वर्षं देखभालीचं काम केलं. आमच्या खात्यातले एक सुपरवायझर सुदानमधल्या सळईच्याच कारखान्यात गेले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. सुदान कुठे आहे ते मी आधी मोबाइलवर पाहिलं, मग घरी सांगितलं. आईने विचारलं, तिथं ऊन कसं असतं. मी म्हणालो, आपल्यासारखंच. ती म्हणाली, मंग जा.

कारखाना खार्टूमच्या उत्तर बाजूला होता. तिथली माणसं ज्वारीच्या पिठाच्या पातळ पोळ्या खातात, त्यामुळे जेवणाची अडचण झाली नाही. भाषेची वाटली होती, तीही फार झाली नाही. साबण, खुर्ची, दुकान, किताब, खबर, हवा हे शब्द तिथेही जवळजवळ तेच आहेत. आमच्याकडे ते निजामाच्या काळापासून वापरात आहेत. तिथे ते कधीपासून आहेत ते मी विचारलं नाही. भारतीय माणसाला तिथे हिंदी म्हणतात. पहिल्या दिवशी एकाने मला विचारलं, तू हिंदी का? मी म्हणालो, नाही, मराठी. तो बराच वेळ विचार करत राहिला.

चौदा महिने बरे गेले. मग तिथल्या दोन फौजा एकमेकींवर उठल्या आणि शहरातच लढाई सुरू झाली. आम्ही चार दिवस पत्र्याच्या शेडखाली, खोल खड्ड्यात, मशीनच्या पायाशी बसून काढले. पाचव्या दिवशी कंपनीने आम्हा भारतीयांना न्यायला बस आणली. भट्टी गार ठेवणाऱ्या पाण्याचा पंप बंद करायचा राहिला होता, तो करायला मी आत गेलो. वीस मिनिटं लागली असतील. बाहेर आलो तर बस गेलेली. जवळच गोळीबार सुरू झाला होता, ड्रायव्हरने गाडी काढली. त्याच्या जागी मी असतो तर मीही काढली असती. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बसमध्ये गेली होती.

दोन दिवसांनी बंदुका घेतलेली माणसं कारखान्याचा जनरेटर न्यायला आली. त्यांना मी सापडलो. काय काम करतोस, असं विचारल्यावर मी मेकॅनिक म्हणालो. तो शब्द त्यांना कळला. जनरेटर पुढच्या गाडीत चढवला आणि मला मागच्या.

त्यांनी एक शाळा ताब्यात घेतली होती. वर्गांत ते राहायचे आणि प्रयोगशाळेत कैदी. आम्ही सात जण होतो. त्यातल्या पाच जणांची माणसं जवळपास राहत होती. ती येऊन रदबदली करून आपापल्या माणसाला घेऊन गेली. उरलो मी आणि त्या शाळेचे हेडमास्तर. ते साठीच्या पुढचे, उंच, काटकुळे गृहस्थ होते. सैनिक चुलीसाठी बाक फोडतात असं कळल्यावर ते घरून चालत आले आणि बाक फोडू नका म्हणून सांगून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांना आत टाकलं. मला तिथे आणल्यावरही बाक फोडण्याचा आवाज आला की ते डोळे मिटून घेत.

त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं, मला कामापुरतं. बायकोला जाऊन वर्षं झाली होती. मुलगी अतबरा नावाच्या गावी, उत्तरेला, दिवसभराच्या वाटेवर दिलेली होती. माझं गाव कसं आहे ते त्यांनी मला नीट विचारून घेतलं. पाऊस किती, शाळा कितवीपर्यंत, नदी आहे का. गिरिजा नदी आहे, असं मी सांगितलं. तिला पाणी कधी असतं, त्यांनी विचारलं. पावसाळ्यात, मी म्हणालो. तेवढं ऐकून त्यांना माझी कीव आली. त्यांच्याकडे निळी आणि पांढरी अशा दोन नाईल होत्या.

मला मारहाण झाली नाही. एकदा एकाने बंदुकीचा दस्ता खांद्यावर मारला, पण तो दुसऱ्याच कुणावर चिडला होता. भीती मात्र सारखी वाटायची. विमानाचा आवाज आला की त्या दिवसाचं जेवण जायचं नाही. घरी काय चाललं असेल हा विचार मी रोज सकाळी एकदाच करायचा असं ठरवलं होतं. तो दुपारपर्यंत चालायचा.

जनरेटर चालवणं हे माझं काम. त्यावर दिवे आणि पंखे चालत, पण हेडमास्तरांच्या ऑफिसातला एसी लावला की इंजिन गुदमरून बंद पडायचं. मी सांगितलं होतं की एक पार्ट लागेल आणि तो मिळत नाही. खरं म्हणजे डिझेलचा फिल्टर चोंदला होता. तो साफ करायला अर्धा तास पुरे होता. पण जनरेटर पूर्ण दुरुस्त झाला तर माझी गरज काय, असं त्यांना वाटेल, म्हणून मी तो तसाच ठेवला होता. नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

दोन महिने झाल्यावर एक दिवस हेडमास्तरांनी आपणहून विषय काढला. ते म्हणाले, संडासाच्या मागे भिंतीला भगदाड आहे. आठवीची पोरं त्यातून दुपारी पळून जायची. बुजवण्याबद्दल त्यांनी तीन अर्ज केले होते, मंजुरी आली नव्हती. मी विचारलं, हे तुम्ही मला आज का सांगता. ते म्हणाले, "कारण तीस वर्षं मी लोकांना त्यातून जाऊ नका म्हणून सांगत आलो. तोंडातून निघत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिल्टर साफ केला. पार्ट मिळाला का, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, जुगाड केलंय. बारा वाजता एसी सुरू झाला. बाहेर इतकं ऊन होतं की लोखंडी दाराला हात लावता येत नव्हता. एकेक करून सगळे त्या ऑफिसात गेले, जेवले आणि तिथेच आडवे झाले. फाटकावरचा पहारेकरी तेवढा राहिला आणि फाटक पुढच्या बाजूला होतं. प्रयोगशाळेला कुलूप रात्रीच लागायचं. आम्ही डबा घेऊन संडासाला निघाल्यासारखे निघालो. भगदाड आठवीच्या मापाचं होतं. मी खरचटत निघालो. हेडमास्तर कमरेशी अडकले. मी त्यांचे दोन्ही हात धरून ओढले, तेव्हा त्यांचा लांब झगा फाटला. उठून त्यांनी धूळ झटकली आणि त्या भगदाडाकडे असं पाहिलं की आता चौथा अर्ज करतील. मागे जनरेटर एका सुरात चालला होता. खरं सांगतो, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं.

गल्ल्या ओस होत्या. दारं उघडी, आत कुणी नाही. एका दुकानापुढे एक माणूस पडला होता. मरून दोन दिवस झाले असावेत. हेडमास्तर थांबले. जवळच्या घरात जाऊन त्यांनी खिडकीचा पडदा काढून आणला, त्याच्यावर घातला आणि चारी टोकांना विटा ठेवल्या. मी म्हणत होतो, चला, जल्दी चला. ते म्हणाले, शाळेच्या वह्या इथूनच घ्यायचो. मग मीही एक वीट आणली.

तासाभराने मोठा रस्ता लागला आणि रस्त्यावर त्याच फौजेची चौकी. लपायला जागा नव्हती. एक दाढीवाला माणूस बंदूक घेऊन पुढे आला आणि हेडमास्तरांपुढे येऊन थबकला. त्याने त्यांना उस्ताज म्हणून हाक मारली. आमच्याकडे तालमीच्या गुरूला उस्ताद म्हणतात, तोच शब्द. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की तू आठवीनंतर शाळा का सोडलीस. तो माणूस तिशीचा असेल. त्याने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "मागच्या भिंतीतून?" हेडमास्तरांनी फाटका झगा सावरला. त्याने एक ट्रक थांबवला. त्यात दोन-तीन कुटुंबं गाद्या आणि भांड्यांसकट निघाली होती. त्याने आम्हाला वर चढवलं आणि ड्रायव्हरला काहीतरी दम दिला.

अतबरा दिवसभराच्या वाटेवर होतं, आम्हाला दोन दिवस लागले. तिथून समुद्राकडे जाणारी बस मिळते आणि बंदरावर आपल्या दूतावासाचं ऑफिस हलवलंय, एवढं कळलं होतं. माझ्याकडे कसलाही कागद नव्हता. हेडमास्तरांनी खिशातून शाळेचा शिक्का काढला. आत टाकलं त्या दिवसापासून तो त्यांनी पायजम्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. एका कागदावर त्यांनी अरबीत लिहिलं की हा इसम आमच्या शाळेत विजेच्या कामाला असून वर्तणूक चांगली आहे. शिक्क्याला शाई नव्हती. शिक्क्यावर थुंकी लावून तो उमटवला. कागद माझ्या हातात देताना ते म्हणाले, "वर्तणुकीबद्दल खोटं लिहिलंय. तू पार्ट मिळत नाही म्हणाला होतास." मग त्यांनी मला मिठी मारली. त्यांची हाडं मला लागली. मला रडू आलं आणि त्यांनाही आलं, पण बस सुटत होती.

मुलीचा नंबर त्यांनी कागदाच्या मागे लिहून दिला होता. तो मी पुष्कळदा लावला. एक बाई रेकॉर्ड केलेलं एक वाक्य अरबीत बोलते. ते मला आता पाठ आहे.

त्या दाखल्यावर मी तीन चौक्या पार केल्या. एका चौकीवर तर अधिकाऱ्याने तो उभं राहून वाचला. बंदरावर दूतावासाच्या माणसाने मात्र विचारलं, भारतीय कशावरून? आधार नंबर मला बारापैकी आठच आकडे आठवले. भारतीयांना नेणारी जहाजं केव्हाच येऊन गेली होती. त्याने विचारलं, घरचा कुणाचा नंबर पाठ आहे? बायकोचा पाठ होता. त्याने फोन लावून माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "मी बोलून राह्यलो."

"कोन मी?"

मी नाव सांगितलं. पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं, कटला. म्हणून म्हणालो, ठेवू का?

ती म्हणाली, "ठेवू नका. बोलायचं नसंल तर नका बोलू. नुसतं धरून ठेवा."

आम्ही दोघं तसेच धरून राहिलो. दूतावासाचा माणूस घड्याळाकडे पाहत होता, मग त्याने पाहणं सोडलं आणि स्वतःच चहा आणायला गेला.

पुढची ओळख-तपासणी व्हिडिओवर झाली. वडिलांनी रेशनकार्ड उलटं धरलं होतं, सरळ केल्यावर ते मान्य झालं. कागद यायला एकोणीस दिवस लागले. मग बोटीने जेद्दा, तिथून विमानाने मुंबई आणि मुंबईहून रेल्वेने जालना. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. बोट लागल्यामुळे तो नीट पाहता आला नाही.

जालन्याच्या स्टेशनवर वडील एकटेच आले होते. गर्दी करू नका असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "सामान?"

"न्हाई."

"बरं झालं. बसमधी जागा न्हाई भेटत."

बसमध्ये जागा भेटली. राजूर गेलं. पुढे एका वळणावर त्यांनी माझा हात धरला, लहानपणी जत्रेत धरायचे तसा मनगटाजवळ, आणि हसनाबाद येईपर्यंत सोडला नाही. कंडक्टरने तिकीट तपासायला मागितलं तेव्हा ते त्यांनी दुसऱ्या हाताने काढून दाखवलं.

दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायावर पाणी घातलं. आमची मुलगी मी गेलो तेव्हा दोन वर्षांची होती. तिने मला ओळखलं नाही, पण पाहुण्यांना पाणी द्यायचं असतं हे तिला शिकवलेलं होतं. तिने तांब्या आणला, अर्धा सांडला. मी तो प्यायलो.

आठ दिवस लोक ऐकायला येत होते. त्यांना तोफा हव्या होत्या. मी फिल्टर आणि भगदाड सांगायला लागलो की ते उठून जात. मग एकदा बायकोने विचारलं, परत जायचा विचार हाय का. मी न्हाई म्हणालो, जालन्याच्या जुन्या मिलमधी बघतो. मंग जालन्यात खोली बघू, ती म्हणाली, मी इकडं आन तुमी तिकडं हे आता मला जमनार न्हाई. पुढच्या सोमवारी आम्ही तिघं जालन्याला गेलो. दोन खोल्या पाहिल्या. पहिलीला मागचं दार होतं म्हणून ती मला आवडली, पण नळ नव्हता. तिने दुसरी घेतली.