मास्टर कंट्रोलमधली खंडेनवमी

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आबांनी एसटी स्टँडवर माझी पार शोभा केली. आबा म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. मुंबईच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा, कंडक्टर ओळखीचा, चहावालाही ओळखीचा. एकेकाला धरून सांगत होते, आमचा विनू अमेरिकेला चाललाय, टीव्हीचं शिकायला. ड्रायव्हरनं विचारलं, म्हणजे हा टीव्हीवर दिसणार का? "दिसंल की," आबा म्हणाले. मी इंजिनिअर, कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याशी माझा काडीचा संबंध नव्हता, पण आबांना कोण सांगणार? आईनं खाऊची पिशवी खिडकीतून आत सारली आणि गाडी हलली. ते दोन हजार एक साल होतं. मला रडू यायच्या ऐवजी हसू येत होतं, आणि ते लपवायला मी खाली वाकून उगाच बुटाची नाडी बांधत बसलो.

तुम्ही जे तिकडं राहिलात, तुम्हाला वाटतं पोरगा गेला आणि सुखाला लागला. जे माझ्यासारखे इकडं आलात, तुम्हाला ठाऊक आहे की पहिली दोन-तीन वर्षं आपण कुणाच्या तरी जिवावर काढतो. माझा तो कुणीतरी म्हणजे वॉल्टर. मास्टर्स झाल्यावर न्यू जर्सीतल्या एका लहानशा टीव्ही स्टेशनवर मला नोकरी लागली, तिथं तो मास्टर कंट्रोलमध्ये बसायचा. मास्टर कंट्रोल म्हणजे ती खोली, जिथून कार्यक्रम, बातम्या, जाहिराती एकामागून एक बाहेर सोडतात. टेप अडकली, बातम्या लांबल्या, वादळाचा इशारा आला, की तिथला माणूस ते सावरून घेतो आणि घरी सोफ्यावर बसलेल्याला पत्ताही लागत नाही. वॉल्टर माझ्या आबांच्या वयाचा. त्यानं मला ड्राइव्ह करायला शिकवलं. बर्फावर गाडी घसरली तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, हेही त्यानंच शिकवलं. नोकरीतल्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे त्यांच्याकडं घरोघरी टर्की शिजते त्या सणाला, मी अपार्टमेंटमध्ये एकटा मॅगी खाणार आहे हे कळल्यावर मला उचलून घरी नेलं. कोल्हापूरच्या जिभेला ती टर्की म्हणजे शिक्षाच होती, पण त्याच्या बायकोनं इतक्या मायेनं वाढली की मी पुन्हा मागून खाल्ली.

मधल्या काळात माझं लग्न झालं आणि दोन हजार सात उजाडलं. टीव्हीच्या धंद्यात त्या वर्षी जे ते हलायला लागलं होतं. जुनं अॅनलॉग प्रसारण जाणार, डिजिटल येणार, बातम्या एचडीत दिसणार, टेपा जाऊन सर्व्हर बसणार. आम्हा इंजिनिअर लोकांना तर ऊत आला होता, रोज नवं खेळणं. सप्टेंबरात मॅनेजरनं सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. टेबलावर बेगल, म्हणजे इकडचे ते मधे भोक असलेले पाव, मांडले होते. आमची मास्टर कंट्रोल बंद होणार असं त्यानं सांगितलं. कंपनीच्या सगळ्या स्टेशन्सचं प्रसारण दुसऱ्या राज्यातल्या एका केंद्रातून होईल, तिथं मोजकी माणसं बसतील, बाकीचं सॉफ्टवेअर बघेल. वॉल्टर आणि त्याच्या खोलीतल्या सगळ्यांची नोकरी फेब्रुवारीपर्यंत. ते सॉफ्टवेअर आणि त्याचं मशीन आमच्याकडे बसवायचं काम माझं, आणि त्यासाठी मला प्रमोशन.

त्या दिवसापासून वॉल्टर मला शेजारी बसवून समजावून सांगायचा. बातम्या लांबल्या तर कुठली जाहिरात पुढं ढकलायची, मॅच संपायला उशीर झाला तर मधली जागा कशानं भरायची. तो सांगायचा आणि मी ते मशीनला शिकवायचो. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. एकदाही त्यानं हात आखडता घेतला नाही. मी नाही म्हटलं असतं तर माझं ग्रीन कार्ड अडकलं असतं, असं मी बायकोला सांगायचो. ते खरं होतं आणि फार सोयीचंही होतं.

आई-आबा त्याच सुमारास सहा महिन्यांसाठी आले होते. प्रमोशनचं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. कशाबद्दल मिळालं ते सांगायला तोंड उघडलं नाही. आबा हरखले. नवीन मशीन तुझ्या ताब्यात दिलंय म्हणजे लेका मान हाय, म्हणाले. आणि मग त्यांच्या डोक्यात खंडेनवमी आली.

वर्कशॉपची खंडेनवमी ज्यांनी बघितली नाही त्यांना आबांचं वेड कळणार नाही. पाने, जॅक, हातोडे डिझेलनं धुऊन ओळीनं मांडायचे, गाड्यांना झेंडूचे हार, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे. आबा म्हणायचे, ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातनं एकदा तरी हात जोडावा. आता त्यांना माझ्या मशीनची पूजा करायची होती. मी नाना सबबी सांगितल्या. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, फायर अलार्म वाजतो. शेवटी लंचरूममध्ये मुद्दाम विषय काढला, म्हटलं कुणीतरी नाक मुरडेल आणि मी सुटेन. तर वॉल्टरच म्हणाला, आण की त्यांना, फक्त काही पेटवू नका. मॅनेजरचीही परवानगी त्यानंच मिळवली.

आबा ठेवणीतला सफारी घालून आले. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून झेंडू, नारळ आणि पेढ्यांचे दोन बॉक्स. मास्टर कंट्रोलमध्ये वॉल्टर होता, डोरीन नावाची त्याची जुनी सहकारी होती, आणखी दोघं होते. सगळे उठून उभे राहिले. मी आबांना कोपऱ्यातल्या एका जुन्या रॅककडं नेत होतो, म्हटलं यालाच कुंकू लावू दे, निदान हा तरी बिचारा निरुपद्रवी आहे. पण आबा म्हणजे यंत्रातला माणूस. नवं मशीन त्यांनी दारातूनच हेरलं. त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता. तो त्यांनी हलक्या हातानं सोलला, बोटानं स्वस्तिक काढलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. ते बघून वॉल्टरनंही हात जोडले. मग डोरीननं, मग बाकीच्यांनी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला तेव्हा अगदी शब्दशः वाटलं.

आबांनी वडीलधारा म्हणून पहिला पेढा वॉल्टरला दिला आणि मला म्हणाले, "सांग त्यांना, ह्या मशीननं तुम्हा सगळ्यांना जन्मभर पोटाला घालावं."

मी काय सांगितलं? बाबा गुड लक म्हणतायत, एवढंच. वॉल्टरनं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला बहुतेक कळलं की मूळ वाक्य यापेक्षा लांब होतं. पेढा तोंडात टाकून तो म्हणाला, "त्यांना थँक यू सांग. मशीन देखणं आहे म्हणावं."

तेवढं मात्र मी इमानदारीनं भाषांतर करून सांगितलं आणि आबा खूश झाले.

गाडीत बसल्यावर आबा वॉल्टरचं कौतुक करत होते. माणूस सरळ हाय, हात बघ त्याचे, कामाचे हात हायत. मग म्हणाले, ती बाई तेवढी पेढा धरून नुसती उभी होती, खाल्ला न्हाई, तिला साखर हाय का रे? मला गाडी चालवणं अशक्य झालं. एका ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये लावली आणि सांगून टाकलं. हे मशीन चालू झालं की ती सगळी माणसं घरी बसणार आहेत, आणि ते चालू करणारा मी आहे.

 आबांनी विचारलं, "त्यांना ठावं होतं?"

"हो."

"आणि तू मला कुंकू लावू दिलंस."

 घरी आल्यावर ते कितीतरी वेळ बेसिनपाशी बोटांचं कुंकू धूत उभे होते. आईनं साटोऱ्या केल्या होत्या. त्यांना हात न लावता त्यांनी नुसता ताकभात खाल्ला. आईला वाटलं, तब्येत बिघडली.

त्या हिवाळ्यात हॉलिवूडमध्ये मालिका लिहिणाऱ्या लेखकांचा संप झाला आणि देशभर मालिकांचे जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवायला लागले. मशीनची चाचणी घ्यायला त्याहून सोपे दिवस मिळाले नसते. आबा-आई मार्चमध्ये परत गेले, त्याच्या आधीच ती खोली रिकामी झाली होती. शेवटच्या दिवशी वॉल्टर मला म्हणाला, तू नसतास तर दुसरं कुणी असतं, मनाला लावून घेऊ नकोस. चांगल्या मनानं म्हणाला. पण दुसरं कुणी नव्हतं ना, मी होतो. आणि त्या दुसऱ्या कुणाला त्यानं थँक्सगिव्हिंगला घरी नेलं नव्हतं. आता आमच्या चॅनेलवर खालून पट्टी सरकत असते, जुने टीव्ही लवकरच बंद पडतील, डिजिटल बॉक्स घ्या. ती पट्टी पार दुसऱ्या राज्यातून सोडतात आणि बिनचूक सोडतात. मी बसवलेलं काम चोख आहे, हे सांगतानाही मला लाज वाटते.

या वर्षी ऑक्टोबरात कोल्हापूरला गेलो तेव्हा नेमकी खंडेनवमी आली. आबा आता रिटायर्ड. त्यांनी पाटावर आपले पाने, आईची विळी, वहिनीची कात्री मांडली. शेजारचे काका आले होते. त्यांनी विचारलं, विनू तिकडं टीव्हीत ना? आबा म्हणाले, "नोकरी करतोय." मी लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढलाच नव्हता. आबा उठले, बॅग उघडून स्वतःच तो काढला आणि विळीच्या शेजारी ठेवला. मी नको म्हणालो.

"मशीनची काय चूक?" आबा म्हणाले आणि त्याला कुंकू लावलं.

तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांनी घर म्हणजे काय वाटतं? पूर्वी सांगितलं असतं, जिथं आपलं कौतुक होतं ते घर. कौतुक करायला आता इथंही लोक आहेत. न्यू जर्सीतच वेस्ट विंडसरला घर घेतलं, वास्तुशांतीला सगळे येऊन गेले, कुणी वाईट बोललं नाही. मला घर म्हणजे आता रविवारचा फोन. मी फोन करतो, आबा उचलतात आणि माझी, सुनेची, थंडीची कसलीही चौकशी करायच्या आधी विचारतात, वॉल्टरला काम लागलं का. परवाही विचारलं.

मी म्हणालो, अजून नाही.

"बरं," म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडं दिला.