रिकाम्या गाडीत धरलेली जागा

गाडी पुरती उभी राहायच्या आधीच खिडकीतून टॉवेल आत टाकायचा, ही आमच्या गावातल्या आबांची सवय. एसटीत जागा धरायची ही रीत तुम्हालाही ठाऊक आहे. गर्दीत कुणी टॉवेल टाकतं, कुणी पिशवी, कुणी तर लेकरूच आत सरकवतं. पण मी सांगतोय त्या गाडीत एकही माणूस नसायचा. सगळी बाकडी मोकळी, आणि आबा लगबगीनं पुढं होऊन टॉवेल टाकायचे. मग दारातून निवांत चढायचे, टॉवेलाशेजारी बसायचे आणि खाली मोटारसायकलवर बसलेल्या मला विचारायचे, "येतोस का? जागा धरलीया."

मी हसून किक मारायचो.

आमचं गाव जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, माळावर. पूर्वी तालुक्याला जायचं तर आधी फाट्यापर्यंत पायपीट, मग तिथं मिळेल ते वाहन. गावात एसटी आणली ती आबांनी. दर बाजाराच्या दिवशी ते डेपोत जाऊन मोठ्या साहेबाच्या दारात बसायचे. लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्जही तोंडीच. साहेब बाहेर आला की उभे राहायचे. "सायेब, गाडी." एवढंच.

साहेब म्हणाला, रस्ता खराब आहे. आबांनी गावातले ट्रॅक्टर गोळा करून रस्त्यावर मुरूम टाकून घेतला. तोवर साहेब बदलला. नवा म्हणाला, रस्ता ठीक आहे, पण एवढी मोठी गाडी वळवायची कुठं? आबांनी स्वतःच्या रानाचा रस्त्याकडचा कोपरा मोकळा करून दिला. उभी ज्वारी होती त्यात. "पोरं महिनाभर माझ्यासंगं बोलंनात," आबा हसत सांगायचे, "पर गाडी कशी वळती बघ! वरातीतल्या घोड्यावानी."

त्या गाडीनं मी कॉलेज केलं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही छाती काढून सांगतो. आईबापांनी ऊसतोडीला जाऊन कोयता चालवला, तेव्हा माझ्या हातात पेन आला. पण कोयता आणि पेन यांच्या मध्ये एक एसटी होती, हे सांगायला मी कुठं कुठं विसरलो.

सकाळी गाडी गावातून मोकळी निघायची, पण संध्याकाळी तालुक्याच्या स्टँडवर हाणामारी. वाटेतल्या सगळ्या वाड्या-वस्त्यांची माणसं त्याच गाडीला. आबा माझ्यासाठी टॉवेल टाकून ठेवायचे. एकदा एक बाई भांडायलाच उठल्या. "ह्यो कोन लागतो तुमचा?"

"पॅसेंजर लागतो," आबा म्हणाले. "त्याला वाचायचंय. तुमाला वाचायचं आसंल तर तुमी बसा."

बाई हसल्या आणि माझ्या मांडीवर भाजीची पिशवी ठेवून उभ्या राहिल्या.

आबांना स्वतःला तालुक्याला काय काम होतं म्हणाल, तर काहीच नव्हतं. स्टँडवर जायचं, एक चहा प्यायचा, ओळखीच्या चार लोकांना कसं काय विचारायचं आणि संध्याकाळी परत यायचं. गाडी आणली म्हणजे ती चालू ठेवायची जबाबदारीही आपलीच, असा त्यांचा हिशेब.

मी पदवीधर झालो तेव्हा गावानं माझा सत्कार केला. मी भाषण ठोकलं. "जिद्द काय असते ते मी आमच्या आबांकडून शिकलो," असं म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. आबा पुढंच बसले होते. नंतर म्हणाले, "लई बोललास. घसा दुखंल."

मला तालुक्याच्या शाळेत नोकरी लागली. मी मोटारसायकल घेतली. गावात इतरांनीही घेतल्या. ज्यांच्याकडं नव्हती त्यांच्या दारात माणसं भरून नेणारी वडापची जीप येऊन उभी राहू लागली. एसटीची वेळ जीपसारखी आपल्या सोयीची नव्हती. बाजाराच्या दिवशी चार बाया एसटीला असायच्या, एरवी एकटे आबा.

तेव्हापासून गावात त्यांची चेष्टा सुरू झाली. "आबा, आख्खी गाडी बुक केलीय व्हय? नवरी कुठंय?" आबा टॉवेल झटकायचे आणि म्हणायचे, "यील की. तुझीच बहीन बघून ठेवलीया."

कंडक्टरशी त्यांचं रोजचं भांडण वेगळंच. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एसटीत तिकीट माफ. कंडक्टर म्हणायचा, "आबा, कार्ड दाखवा आणि फुकट बसा."

"माझं वय झालं न्हाय."

"मग तुमचा थोरला पोरगा पन्नाशीचा कसा?"

"त्यो लवकर झाला."

पूर्ण तिकीट काढायचेच. फुकट्याची गाडी कधीही बंद करतात, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्या तिकिटाचे पैसे सरकार भरतं, हे मी त्यांना पेपर वाचून दाखवून समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टरपुढं नोट धरली आणि म्हणाले, "सरकारचं सरकार बगंल. माझं एक फाड."

नवरात्रात आपल्याकडच्या गाड्या तुळजापूरच्या यात्रेला जातात आणि गावाकडच्या फेऱ्या रद्द होतात. तेवढे दिवस तरी त्यांनी माझ्या मागं बसावं म्हणून मी थांबलो. आबा कोपऱ्यावरच्या दगडावर बसून होते. "आबा, गाडी देवीला गेलीय. आज येत नाही."

"म्हाईत हाय."

"मग?"

"कुनी नवखं मानूस आलं गाडीला, तर त्याला सांगायला नगं?"

नवखं माणूस कुठून येणार आमच्या माळावर! मी शाळेत गेलो. योगायोग बघा, त्याच दिवशी प्रार्थनेनंतर मुलांना मी जिद्दीवर चार शब्द सांगितले आणि उदाहरण आबांचंच दिलं. ज्वारीचा कोपरा, वरातीतला घोडा, सगळं रंगवून. मुलांना फार आवडलं. सकाळी ज्याला दगडावर सोडून आलो, तो माणूस आणि भाषणातला माणूस एकच आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं होतं. मी पुढं बोलत राहिलो.

मग एके दिवशी स्टँडवर त्या कंडक्टरनंच मला गाठलं. "सर, तुमच्या गावच्या गाडीचं वर विचारतायत. काय सांगू? एकच पॅसेंजर असतो."

मी चहाचा कप हातात घेऊन सहज म्हणालो, "काय सांगणार, म्हाताऱ्याचा हट्ट आहे."

वळून बघितलं तर आबा मागं उभे. बशीत चहा ओतत होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बशी थोडी कलली आणि चहा टॉवेलावर सांडला, एवढंच मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीतून टॉवेल टाकला. त्यावर चहाचा डाग होता. "येतोस का? जागा धरलीया," ते म्हणाले. रोजच्यासारखंच.

तुम्ही म्हणाल, तू खोटं काय बोललास? तेच तर. त्यावर मी पुष्कळ विचार केलाय. माणूस तोच, गाडी तीच, टॉवेलही तोच. मला गाडीची गरज होती तोवर मी आबांच्या वागण्याला जिद्द म्हणत होतो. माझ्या बुडाखाली मोटारसायकल आली आणि त्याच जिद्दीचा हट्ट झाला. मधल्या काळात आबा काहीच वेगळं वागले नव्हते.

त्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. अंगावर घोंगडं घेऊन कोपऱ्यावर उभे होते. मी म्हणालो, "बसा मागं. दवाखान्यात सोडतो."

"गाडी येतीया."

"आबा, अंग भाजतंय तुमचं. ऐका जरा!"

"जागा धरनाऱ्यानं उठायचं नसतं बाबा," ते म्हणाले. दम लागला होता, पण आवाजात राग नव्हता. "बसनारा मागनं येत आसतो. तू न्हाय का आलास?"

मी घड्याळ बघितलं. शाळेची घंटा चुकेल म्हणून निघालो. घंटा चुकली नाही.

पुढच्याच आठवड्यात ताप छातीत उतरला आणि पोरांनी त्यांना जीपमध्ये आडवं घालून सोलापूरला नेलं. आमच्या गावचा एकच माणूस जीपमध्ये कधी बसला नव्हता, तोही शेवटी जीपनंच गेला. परत आला तोही तसाच, पण तेव्हा त्याला कळत नव्हतं.

दहावं झालं तरी सकाळची गाडी येत होती. ड्रायव्हर कोपऱ्यावर वळवून घ्यायचा, दोनदा हॉर्न द्यायचा आणि थोडा थांबायचा. मी अंगणात दाढी करत असायचो. हॉर्न ऐकू यायचा. आज जाऊन बसावं, असं रोज वाटायचं. पण गाडी सकाळी लवकर, आणि माझी सकाळची शाळा आता अकराची झाली होती. तालुक्याला जाऊन चार तास करायचं काय? म्हाताऱ्यानं वर्षानुवर्षं काय केलं होतं, हे आठवायचं आणि मी तोंडाला पुन्हा साबण लावायचो. मग एके सकाळी हॉर्न वाजला नाही.

यंदा आमच्या शेजारच्या दत्तूची पोरगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला सायन्सला जायचंय. कॉलेज तालुक्याला, सकाळी लवकरचं. जीपवाला जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरते ती दहाला. पेढा द्यायला दत्तू आला आणि दारातच उभा राहिला. "सर, तुमी कसं केलं वो कॉलेज?"

"गाडी होती," मी म्हणालो.

"व्हय की. आबाची." त्यानं पेढ्याचा पुडा मिटला. "मग आता कसं करायचं?"

पेढा माझ्या तोंडात होता.

मी डेपोत गेलो. एकदा नाही, जातोच आहे. साहेब पुन्हा नवा आहे, तरुण आहे, खुर्ची देतो. अर्ज मी स्वतः लिहिलाय, शुद्ध मराठीत.

"बसणार किती जण?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी. आणि मी."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "ती मोटारसायकल तुमचीच ना?"

मी मान हलवली. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, शिकलेली माणसं तुम्ही. असा हट्ट बरा नव्हे." आणि मग, बोलायचं म्हणून, "तिथं गाडी वळवायला तरी जागा राहिलीय का?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

येताना कोपऱ्यावर थांबलो. आबांच्या पोरांनी यंदा तो कोपराही रानात घेतलाय, सोयाबीन पेरलंय. त्यांचं काही चुकलं नाही, रान त्यांचंच आहे. चौफेर सोयाबीन गुडघ्याला लागलंय, हिरवंगार. पण मधोमध, जिथून चाकं वळायची, तिथं एक मोठा गोल उघडाच आहे. थोरला बांधावर उभा होता. म्हणाला, "दोनदा नांगरला सर. माती अशी बसलीया, उगवतच न्हाय काय."

मी खिशातला रुमाल काढून गोलाच्या मधोमध टाकला आणि मोटारसायकल तिथंच लावून त्या गोलाच्या कडेकडेनं चालत एक पुरा फेरा मारला. गाडी वळेल. आरामात वळेल.