खडू खाणारा उंदीर

त्या शिंप्याच्या दुकानात खडू टिकत नसत. कापडावर खुणा करायचे चपटे, पांढरे खडू. सकाळी मास्तरांनी नवा काढून टेबलावर ठेवावा, तर दुपारी त्याचा कोपरा गायब आणि दिवेलागणीला निम्मा. सगळ्या गल्लीच्या कमरा तोंडपाठ असलेल्या मास्तरांना घरातला चोर मात्र सापडेना. शेवटी त्यांनी निकाल दिला, "उंदीर!" आणि मशीनखाली शेजाऱ्यांचा पिंजरा आणून ठेवला.

पिंजऱ्यातला पावाचा तुकडा रोज बदलायचं काम काकूंकडे आलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. काजं, बटणं, इस्त्री आणि दुकानामागच्या खोलीतला स्वयंपाक अशी सगळी खाती त्यांच्याकडेच होती. आणि उंदीरही त्याच होत्या.

गेलं वर्षभर काकूंच्या जिभेला खडूची अशी काही ओढ लागली होती की विचारू नका. काजांच्या खुणा करता करता हात आपोआप तोंडाकडे जाई. तंबाखूवाला निदान उजळ माथ्याने डबी उघडतो. ह्यांना बिचाऱ्यांना पडद्याआड तोंड चुकवून खडू कुरतडावा लागे. त्यात थकवा. पायमशीन जरा चालवलं की धाप लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. मग मास्तरांची थोरली बहीण खुर्चीतून विचारी, "काय गं, मशीन चालवतेस की रेल्वे ओढतेस?"

काकूंना संताप येई. पण रागवायलासुद्धा अंगात रक्त लागतं, आणि नेमकं तेच नव्हतं.

आता न्याय बघा. मास्तरांना एक करपट ढेकर आली की घर हादरे. गोळ्या, पथ्य, दर महिन्याला दवाखाना, फुगलेली फाइल. काकूंची पाळी मात्र महिन्यातले निम्मे दिवस चाले, तरी घरात पानही हलत नसे. "बायकांना असतंच," एवढ्या एका वाक्यात सगळी तपासणी आटोपलेली! जे 'असतंच' ते का असतं, हे विचारायला कुणाची जीभ झिजणार होती?

त्या महिन्यातही काकू मास्तरांबरोबर त्यांची फाइल धरून दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा रक्तदाब मोजला, कागद लिहिला आणि सहज मान वर केली.

"काकू, जरा उजेडात या बघू."

त्यांनी काकूंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. कुठेच लाली म्हणून नव्हती. "पाळी जास्त जाते का?"

काकूंनी फरशीकडे पाहिलं. उत्तर मास्तरांनी दिलं, "वयच आहे हो तिचं. बायकांना असतंच."

"पाळी तुम्हाला येते का मास्तर? मग त्यांना बोलू द्या." मग काकूंकडे वळून, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं?"

नाही म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"खडू. पांढरा. निळ्याला चव नसते."

"म्हणजे तो पिंजरा..." मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ह्यात लाजायचं काही नाही. अंगातलं लोह कमी झालं की काहींना असं होतं." लगेच रक्त तपासलं. हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्यावर आलं होतं. "लोहाच्या गोळ्या देते. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. पण रक्त इतकं का जातं तेही शोधायला हवं. त्यासाठी सोनोग्राफी. काकू, वर्षभर आधी का नाही आलात?"

आणि तिथे काकूंचा बांध फुटला.

"आले नाही? दर महिन्याला येतेय! ह्याच बाकावर बसतेय, ह्यांची फाइल मांडीवर घेऊन! ह्यांनी बघितलं नाही, घरच्यांनी बघितलं नाही, आणि राग नका मानू, तुम्हीसुद्धा आजच बघितलंत!"

"खरं आहे," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "मीही फाइलच बघत राहिले."

घरी येऊन सांगताच खुर्चीतून प्रश्न आला, "एवढ्याशा अशक्तपणाला सोनोग्राफी? आम्ही नाही काढले दिवस?"

"काढलेत ना वन्सं, म्हणूनच दोन पायऱ्या चढून कठड्याला धरून उभ्या राहता. तुमचंही रक्त तपासायचंय. लुगडं नेसून तयार राहा."



मग काकूंनी मशीनखालून पिंजरा ओढला आणि टेबलावर मास्तरांच्या पुढ्यात आदळला.

"हा परत करून या. उंदीर सापडलाय, त्याला गोळ्या चालू झाल्यात."

मास्तरांनी निमूटपणे पिंजरा उचलला. दारापर्यंत गेले असतील नसतील, तोच मागून आवाज आला.

"आणि अहो, उद्या सकाळी सोनोग्राफी आहे. फाइल तुम्ही धरायची."